नवी भिंत जुनी कशी करावी

अभिनंदन! पोरं मोठी झाली, कर्जाचे हप्ते संपत आले आणि डॉक्टर म्हणाले, 'एखादा छंद लावून घ्या.' बागकामाला बाल्कनी नाही, गाण्याला गळा नाही, किल्ले चढायला गुडघे नाहीत. उरली ती टेबलावरची छोटी रेल्वे. एकदा रूळ मांडले की त्यांच्यामागे काहीतरी उभं करावं लागतं, आणि मुंबईच्या माणसाने रुळांमागे काय उभं करायचं हा प्रश्नच नाही. कापडगिरणी. विटांची, उंच चिमणीची, करवतीच्या दात्यांसारख्या छपराची.

घाबरू नका, अख्खी गिरणी करायची नाहीये. गिरणी म्हटली की साचे म्हणजे माग आले, सूत आलं, भोंगा आला, माणसं आली. ती भानगड आपल्याला नको. आपण फक्त भिंत करणार आहोत. तीही एकच, रुळांकडची. ती मागून पुठ्ठ्याच्या टेकूवर उभी राहील आणि पुढून शंभर पावसाळे खाल्ल्यासारखी दिसेल. याला साधारण तीन महिने लागतात. खऱ्या भिंतीला शंभर वर्षं लागली, त्या मानाने तुम्ही फारच घाई करताय, पण असो.

१. प्रमाण ठरवा

या छंदात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, म्हणजे १:८७. 'सरळ १:१०० का नाही?' असं विचारू नका. साडेतीन मिलिमीटरला एक फूट धरलं की हा आकडा येतो. मिलिमीटर आणि फूट यांचा संसार ज्यांनी एका घरात थाटून दिला, त्यांच्यापुढे आपल्या शंका त्या काय.

आता वहीत गणित मांडा. आपली जुनी वीट ९ इंच लांब आणि ३ इंच उंच. ८७ ने भागा. लांबी २.६ मिलिमीटर, उंची ०.९ मिलिमीटर. म्हणजे तुमची वीट तिळाएवढी, आणि तोही हडकुळा तीळ. दोन विटांमधला चुन्याचा सांधा खऱ्या भिंतीत १० मिलिमीटर धरला, तर तुमच्या भिंतीत ०.११५ मिलिमीटर. केसाहून जरासा जाड. बाजारातल्या तयार प्लॅस्टिक शीटवर विटा उठवलेल्या असतात, पण त्यांचे सांधे बहुधा याहून बरेच रुंद निघतात. जाणकार ते बघून हळहळतात. तुम्हीही हळहळायला शिका. भिंत यायच्या आधी हळहळ आली पाहिजे.

एक गोष्ट मात्र कोणापुढे बोलायची नाही. एचओच्या रुळांमधलं अंतर असतं १६.५ मिलिमीटर. ८७ ने गुणलं की येतं युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज, १४३५ मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. म्हणजे तुमची लोकल जिच्यावरून धावते ती लाइन चांगली २४ सेंटीमीटरने अरुंद आहे. एका अख्ख्या विटेहून जास्त. पण या छंदात रूळ वीतभर चुकलेले चालतात, सांधा केसभर चुकलेला चालत नाही. असं का, ते मीही कधी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

२. गिरणी आखडा

तीनशे फूट लांबीची गिरणी १:८७ मध्ये एक मीटरहून लांब होते. दीडशे फुटांची चिमणी साडेबावन्न सेंटीमीटर. तुमच्याकडे आहे एक जेवणाचं टेबल, आणि त्यावर लोक अजूनही जेवतात. तेव्हा वीस खिडक्यांच्या सहा करा, चार मजल्यांचे तीन करा, आणि कोणी हटकलं तर म्हणा, 'सगळं आहे, फक्त थोडं आटवलंय.' हे तंत्र जगभर मान्य आहे. मुंबईतले बिल्डर ते १:१ प्रमाणात वापरतात आणि वर त्याला 'प्रशस्त' म्हणतात.

३. वर्ष ठरवा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. या दोन तारखांच्या मध्ये सव्वाशे वर्षं पडली आहेत. त्यातलं एकही वर्ष निवडू नका. त्या काळात गिरण्या चालू होत्या, आणि चालू गिरणीची भिंत करण्यात कसब दिसत नाही.

१९९० च्या पुढेमागे कुठेतरी थांबा. यंत्रं गप्प झालेली, पिंपळ फुटलेला, बुलडोझर अजून आलेला नाही. आपल्या छंदाचा हाच सुवर्णकाळ.

४. प्रत्यक्ष पाहणी करा

गळ्यात कॅमेरा, खिशात मोजपट्टी, हातात वही घेऊन लालबाग, काळाचौकी, लोअर परळ असं पायी फिरा. उरलेल्या भिंती शोधा. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे, पण चिमणी ठेवली आहे. ती बघताना सरकत्या जिन्यावर उभं राहून विटांचे थर मोजू नका. मागचे लोक ढकलतात.

बंद गेटापाशी फोटो काढलात की वॉचमन येईल. त्याला 'मी या भिंतीची छोटी प्रतिकृती करणार आहे' असं खरं सांगू नका. खरं सांगणाऱ्यांनाच तो साहेबांकडे नेतो. 'पिक्चरचं लोकेशन बघतोय' म्हणा. तो स्वतः गेट उघडेल आणि आत कुठून ऊन चांगलं येतं तेही दाखवेल.

चाळीच्या भिंतीला मोजपट्टी लावणं हा मात्र वेगळा अनुभव आहे. दोन मिनिटांत खाली पंधरा माणसं जमतात. कोणीतरी खुर्ची आणतं, कोणीतरी चहा. मग एक आजोबा पुढे होऊन विचारतात, 'साहेब, नव्या इमारतीत कार्पेट किती देणार?' आता तुम्ही काय सांगाल? की मला फक्त तुमच्या भिंतीवरची ओल हवी आहे? चहा संपवा, 'वर कळवतो' म्हणा आणि मागच्या गल्लीने निघा. मी अशा चार चाळींच्या गल्ल्या आता कायमच्या टाळतो.

आणि इतकं हिंडल्यावर घरी येऊन हात धुवायला जाल तेव्हा कळेल की बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर सगळं आहे. खाली लोणा, वर पोपडे, मध्ये पाइपच्या कडेने उतरलेला हिरवट-काळा ओघळ. दोन वर्षं घरातून सांगणं चाललंय, 'अहो, प्लंबरला फोन केलात का?' फोन करू नका. फोटो काढा. सकाळी एक, दुपारी एक, दिव्याखाली एक.

५. विटा मोजू नका

मी मोजल्या, म्हणून सांगतो. ३० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर उंच भिंतीवर, खिडक्या सोडून दिल्या नाहीत तर, सुमारे ३२ हजार विटा दिसतात. एकेक वीट कोरायला दहा सेकंद धरले तर ८९ तास. हा आकडा घरात कोणाला सांगू नका. विशेषतः बाथरूमच्या भिंतीचा विषय निघालेला असताना.

६. विटा कशा रचायच्या

चित्रातल्या भिंतीत सगळ्या विटा लांबीने दिसतात आणि दर थराला अर्धी वीट सरकते. लहान मुलं अशीच भिंत काढतात आणि दुर्दैवाने स्वस्त शीट काढणारेही. गिरणीची भिंत जाडजूड असायची. तिच्या विटा आडव्या-उभ्या गुंफाव्या लागत. इंग्लिश बाँडमध्ये एका थरात विटांची लांब बाजू दिसते, दुसऱ्यात फक्त डोकी. फ्लेमिश बाँडमध्ये एकाच थरात एक लांब, एक डोकं, एक लांब, एक डोकं. दोन्हीत तत्त्व एकच, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. हे गवंड्याला ओळंब्याइतकं सहज येतं. तुम्हाला येणार नाही. तुमचा सोळाव्या थराला घोळ होईल, तो सत्ताविसाव्या थराला ध्यानात येईल, आणि तिथे खिडकी काढून तो झाकता येईल. माझ्या गिरणीच्या खिडक्या अशा कुठेही का आहेत, ते आता तुम्हाला कळलं असेल.

खिडकीवर सरळ पट्टी ठेवून मोकळे होऊ नका. तिथे कमान येते. विटा उभ्या, पंख्याच्या पात्यांसारख्या पसरत जाणाऱ्या. सहा खिडक्या, प्रत्येक कमानीत वीसेक विटा. मी दोन कमानी केल्या आणि बाकीच्या चार खिडक्यांवर पत्र्याचे छज्जे काढले. छज्जे गंजवता येतात, हा वरचा फायदा.

७. कोपरा

भिंत एकच, पण तिची टोकं थोडी मागे वळवावी लागतात. नवशिक्यांचा पाडाव इथेच होतो. दोन भिंती काटकोनात चिकटवल्या की कोपऱ्यावर एक उभी चीर दिसते आणि सगळं सोंग उघडं पडतं. खऱ्या कोपऱ्यावर थर वळून पलीकडे जातो, एका बाजूला लांबी दाखवणारी वीट दुसऱ्या बाजूला डोकं दाखवते, आणि मेळ बसावा म्हणून शेजारी एक कापलेला चिंचोळा तुकडा घालतात. तुम्हाला कडा ४५ अंशात तासून हे जुळवावं लागेल. पर्याय एकच. कोपऱ्यावर पन्हळीचा पाइप उभा करा. ज्या मॉडेलमध्ये प्रत्येक कोपऱ्यावर पाइप दिसेल, त्याच्या कर्त्याला काही विचारू नका. त्याने सोसलंय.

८. साहित्य

दुकानात 'मला गिरणीची भिंत करायची आहे' असं सांगू नका. पोराचा प्रोजेक्ट आहे म्हणा, सवलत मिळते.

फोमबोर्ड घ्या. त्याचा वरचा कागद पाण्याने भिजवून सोला, आतला मऊ फोम उघडा पडेल. त्यावर पोलादी पट्टीने आडव्या रेघा आणि संपलेल्या बॉलपेनने उभे सांधे दाबत जा. रिफिल खरोखर संपलेली आहे याची खात्री करा. माझ्या भिंतीत नवव्या थरात एक वीट निळी आहे. विटांना खडबडीतपणा यावा म्हणून जेवणाच्या डब्यातला अ‍ॅल्युमिनियमचा कागद चुरगळून त्याचा गोळा करा आणि भिंतीवर हलक्या हाताने दाबा. थर्माकोल घेऊ नका. त्याचे दाणे निघतात आणि मग तुमची गिरणी साबुदाण्याची होते.

गंजासाठी भांडी घासायची तारेची घासणी (गंजणारी, स्टेनलेस नव्हे) व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजत घाला. मिळतं ते तपकिरी पाणी लाकडी फळ्या जुन्या करायला उत्तम. बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. हे अनुभवाचे बोल आहेत. त्या दिवशीची कोशिंबीर कोणी खाल्ली नाही, हे नशीब.

रंगाचे टवके उडालेले दाखवायचे असतील तर हेअरस्प्रे लागतो. खाली गंजाचा रंग, वर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा किंवा राखाडी. वाळला की ओल्या ब्रशने घासा, वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. हेअरस्प्रे कोणाचा वापरलात, यावर घरातले पुढचे दोन दिवस कसे जातात ते ठरतं.

चहाचा चोथा फेकू नका. धुऊन, वाळवून, चाळून ठेवा. गिरणीच्या आवारातली माती त्याच्यातून निघते. आणि पिंपळासाठी तुळशीची वाळलेली मंजिरी. आईला सांगून खुडा. न सांगता खुडलीत तर तिला वाटेल, पोरगा अखेर देवाधर्माला लागला, आणि खरं कळेल तेव्हा तिचं दुःख दुप्पट होईल.

९. रंग

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो. तुम्ही दुकानातून 'ब्रिक रेड' नावाची बाटली आणली आहे. ती परत करा. वीट लाल नसते. भट्टीत मधे बसलेली वीट नारिंगी, कडेची कच्ची पिवळसर, आचेजवळ जास्त भाजलेली जांभळट-काळी. आधी सगळ्या भिंतीला गेरूच्या जवळपासचा फिका रंग द्या. मग पांढऱ्यात किंचित काळा मिसळून ताकासारखा पातळ करा, भिंतीवर ओता आणि जुन्या बनियनने वरच्या वर पुसून घ्या. सांध्यांत उरेल तो चुना. ही एवढी एकच पायरी अशी आहे की ती करताना खरोखर आनंद होतो. पुसताना भिंत डोळ्यांदेखत भिंत होते. मी त्या रात्री जेवायला उठलो नाही.

मग रंगीत पेन्सिली घ्या आणि दहातली एक वीट वेगळी रंगवा. कुठली, हे अंदाजाने ठरवा. अंदाजाने ठरवणं अवघड असतं. माणसाचा हात नकळत नक्षी काढतो. माझ्या पहिल्या भिंतीवर लांबून बघितलं तर काळ्या विटांचा स्पष्ट बाण दिसत होता, दादरच्या दिशेने.

१०. मळवा

आता पुस्तकं मिटा. इथून पुढे कला आहे.

या कलेचे दोन अमेरिकन गुरू. जॉन अ‍ॅलन यांनी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीत आपल्या घरात डोंगर, दऱ्या आणि धुरकट इमारती उभ्या केल्या. छोट्या रेल्वेवर मळ चढवायला पुष्कळांनी त्यांच्याकडे पाहून सुरुवात केली. १९७३ च्या जानेवारीत ते गेले, आणि काही दिवसांतच आग लागून त्यातलं बहुतेक सगळं जळालं. जॉर्ज सेलिओस यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये मंदीच्या काळातलं एक शहर केलं, त्यात स्वच्छ भिंत शोधून सापडत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथे मुलांना घेऊन जा. मुलं गाड्या बघतील, तुम्ही भिंती बघा.

पेंडनला मात्र जाऊ नका. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या लाँग विटनहॅम गावात हे संग्रहालय आहे. ते सुरू केलं रॉय इंग्लंड नावाच्या, ऑस्ट्रेलियातून आलेल्या माणसाने. डोळ्यांदेखत बदलत चाललेली खेडी त्याला राखून ठेवायची होती, म्हणून त्याने पुठ्ठ्याची घरं करायला सुरुवात केली. एकेका घराला कित्येक महिने. तिथली घरं १९२० आणि ३० च्या दशकातली, राहती. बागेत भाजी, दारात माणसं. ते बघून आल्यावर आपल्या भिंतीकडे बघवत नाही. म्हणून म्हणतो, जाऊ नका.

मळवण्याची सामग्री अशी: चित्रकलेचे मऊ खडू, काळा, राखाडी, तपकिरी, पांढरा. ते पॉलिशपेपरवर घासून पूड करा आणि ब्रशने भिंतीवर चोळा. धूर वर चढतो, ओल खालून चढते आणि ओघळ वरून उतरतो. पूर्ण भिंत सारखी काळी करणारे लोक कोळशाची वखार करतात, गिरणी नव्हे. खिडकीच्या पाटाखाली ओघळ द्या. पन्हळ जिथे फुटली आहे तिथे हिरवा शेवाळी. जमिनीलगत पांढरा खडू हलकेच, तो लोणा. बाथरूमच्या भिंतीचा फोटो समोर ठेवा, आता त्याचा खरा उपयोग.

छपराच्या करवती दात्यांना काचा असतात त्या उत्तरेकडे तोंड करून. साच्यांवर दिवसभर उजेड हवा पण थेट ऊन नको, म्हणून. तेव्हा टेबलावर उत्तर कुठे हे आधी ठरवा आणि ऊन जिथे पडतं त्या बाजूचा रंग जास्त उडवा. मी हे केलं. मग सणाला टेबल फिरवून ठेवलं गेलं आणि आता माझ्या गिरणीत सूर्य नायगावकडे मावळतो.

मुंबईच्या भिंतीला मुंबईचीच लक्षणं हवीत. जमिनीपासून चार फुटांपर्यंत, म्हणजे तुमच्या १४ मिलिमीटरपर्यंत, पानाच्या पिचकाऱ्या. थोड्याशाच. त्या थांबवायला लावलेल्या देवादिकांच्या टाइल्स, सर्व धर्मांच्या, एका ओळीत. सहा इंचांची टाइल १.७५ मिलिमीटरची होते. त्यावर देव काढू शकलात तर तुम्हाला छंदाची नाही, नेत्रतपासणीच्या जाहिरातीत कामाची गरज आहे. नसेल जमत तर चौकोनात निळा ठिपका द्या, लोक हात जोडतात. भिंतीवर 'येथे लघवी करू नये' असं लिहा आणि त्याच्या बरोबर खाली ती जागा ओली दाखवा.

उडालेली अक्षरं हवी असतील तर पाटी कागदावर छापा, कागद मागून पॉलिशपेपरने घासून सिगरेटच्या कागदाइतका पातळ करा आणि पातळ फेव्हिकॉलने भिंतीवर बसवा, म्हणजे विटा त्यातून उमटतात. मी संपाच्या काळातल्या घोषणा लिहिल्या. मग त्या नुकत्याच लिहिल्यासारख्या वाटल्या, म्हणून खरवडल्या. मग जास्त खरवडल्या गेल्या. आता तिथे फक्त 'झालाच' एवढं उरलंय. काय झाला, ते बघणाऱ्याने ठरवावं.

११. थांबा

कुठे थांबायचं हे कळत नाही. मलाही कळलं नाही. पुढे चला.

१२. पाहुणे

भिंत झाली की ती लोकांना दाखवावीशी वाटते. मेहुणे चालतील. ते 'वा' म्हणून टीव्हीकडे वळतात. पोराटोरांना फूटभर अंतरावर बसवा. पण तुमच्या मजल्यावर असे एक काका असतातच, कोकणातले, साचेखात्यात सोळा वर्षं काढलेले, संपानंतर कुठे वॉचमन, कुठे टेम्पोवर असं करत इथपर्यंत आलेले. त्यांना खोलीत येऊ देऊ नका.

कारण ते येतात, कंबरेवर हात ठेवून वाकतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. तुम्हाला वाटतं, भारावले. तुम्ही सांगू लागता, हा इंग्लिश बाँड, हा लोणा, हा धूर. ते मान हलवतात. मग म्हणतात, 'छान केलीस हो. पण एवढी घाण नव्हती रे.'

तुम्ही फोटो बाहेर काढता. फोटोत घाण आहे. ते फोटो हातात घेतात, लांब धरतात, जवळ धरतात.

'हा बंद पडल्यावरचा. चालू होती तेव्हा पिंपळ उगवू देईल होय कोणी? मुकादम सोलून काढेल. दसऱ्याला साचे धुऊन-पुसून हार घालायचो आम्ही, खात्यात पताका लावायचो. बाहेरून चुना मारायचे.' आणि मग, अगदी सहज, 'भिंत कोण बघायचा म्हणा. गेटातून आत, भोंगा झाला की बाहेर.'

अशा वेळी वाद घालू नका. तुमच्याकडे मुद्दा नसतो. तिसऱ्या पायरीवर तुम्ही कुठलं वर्ष निवडलंत, ते आठवत असेल. 'काका, चहा घेता का?' एवढंच विचारा आणि तुळशीची मंजिरी त्यांच्या नजरेआड करा.

ते गेल्यावर रात्री पिंपळ काढावासा वाटेल. काढू नका, त्याखाली फेव्हिकॉलचा डाग आहे.

१३. वॉर्निश

खडूची पूड हाताला लागते, फुंकरीने उडते. ती बसवण्यासाठी सगळ्यावर मॅट वॉर्निशचा फवारा मारतात. हा फवारा आधी एखाद्या रद्दी तुकड्यावर मारून बघावा, असं प्रत्येक जाणकार सांगतो. मीही सांगतो. आजवर कोणी बघितलेला नाही.

खिडक्या उघडा, नाकाला रुमाल बांधा, फूटभर लांबून फवारा मारा. पाच मिनिटांनी रुमाल सोडा आणि बघा. धूर गेलेला असेल. लोणा गेलेला असेल. पाटाखालचे ओघळ, शेवाळी, तीन महिन्यांचा सगळा मळ वॉर्निश पिऊन टाकतं. खडूचं असंच असतं, ओलं झालं की दिसेनासं होतं. उरतील त्या विटा, नारिंगी, जांभळट, मधूनच एखादी निळी, आणि सांध्यांतला पांढरा चुना. हात झटकून नुकताच गवंडी उतरलाय अशी भिंत.

हताश होऊ नका. वाळल्यावर पूड पुन्हा लावता येते, थर वाढवत, प्रत्येक थरावर हलका फवारा. आणखी दीड महिना. तेवढ्यात घरातून आवाज येईल, 'अगंबाई, स्वच्छ झाली की ही! आता बाथरूमचीही करून टाका.' तिकडे लक्ष देऊ नका.

वॉर्निशचा वास मजल्यावर पसरलेला असतो, त्यामुळे काका दाराशी येतीलच. 'काही जळतंय का?' आता अडवण्यात अर्थ नाही. ते टेबलापाशी येतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि वाकतात. एका खिडकीपाशी बोट नेतात, न टेकवता.

'हां,' म्हणतात. 'ही चालू आहे.'

मग तुमच्याकडे वळून विचारतात, 'कुठली पाळी?'

घड्याळ बघा. संध्याकाळचे पाच वाजले असतील तर 'दुसरी' म्हणा.